हलूनका काकांची तालीम

हॉस्पिटलच्या हजेरीपटावर त्यांचं नाव काय आहे हे शोधायच्या भानगडीत पडू नका, कारण एकतीस वर्षांत ते कुणी उच्चारलेलं नाही. झाडूवाल्या बाईंपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना हलूनका काका म्हणतात. तळमजल्यावरच्या एमआरआयच्या खोलीत ते मशीन चालवतात. माणसाला त्या बोगद्यात सरकवायचं, दार लावून काचेपलीकडच्या खोलीत येऊन बसायचं, ठकठक सुरू झाली की उजव्या अंगठ्यानं माइकचं बटण दाबायचं आणि भारदस्त, किंचित नाकातल्या आवाजात म्हणायचं, "हलू नका." बस, एवढंच. पण काका ते अशा काही थाटात म्हणायचे की आतल्या माणसाची हलायची बिशाद नसे. पैलवान आले, पोलीस आले, एकदा तर नाच शिकवणारे मास्तर आले आणि ते सुद्धा मुकाट पडून राहिले. फोटो हलला म्हणून परत काढावा लागला, असं वर्षातून दोनदा झालं तर डोक्यावरून पाणी.

आता एकतीस वर्षं एकच वाक्य म्हटल्यावर ते काय हॉस्पिटलच्या फाटकाशी थांबणार आहे? सलूनमध्ये न्हाव्यानं कात्री उचलली की काका स्वतःच स्वतःला बजावायचे, "हलू नका." लिफ्टचा खडखडाट सुरू झाला की लिफ्टमधल्या सगळ्यांना बजावायचे. नात झाली तेव्हा नर्सनं ते गाठोडं हातात दिलं आणि काका गहिवरून काय म्हणाले असतील? तेच म्हणाले. बायको म्हणाली, "अहो, बाळ आहे ते, पेशंट नाही." आणि त्या बाळानं जे दोन्ही पाय झाडायला सुरुवात केली ते आजतागायत थांबवलेलं नाही. घरात तिला भिंगरी म्हणतात. ती आता सहा वर्षांची आहे आणि हॉस्पिटलच्या समोरच्याच शाळेत पहिलीत आहे. शाळा सुटली की रस्ता ओलांडून आजोबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसते. बसते म्हणजे काय, म्हणायला बसते.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग डॉक्टरबाई आल्या.

डॉक्टरबाई तरुण, उंच, केसांच्या बुचड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली आणि सदा भुकेल्या. पेशंट तपासणाऱ्या नव्हेत, मेंदूचा अभ्यास करणाऱ्या. शाळेतली मुलं त्यांना ताई म्हणत. समोरच्या शाळेतल्या पहिलीच्या सव्वीस मुलांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एक गट दहा आठवडे रोज वीस मिनिटं डोक्याचे खेळ खेळणार. म्हणजे आकडे ऐकून उलटे म्हणायचे, "उठा" म्हटलं की बसायचं, टाळी वाजली की होतं तिथे थांबायचं. दुसरा गट तेवढाच वेळ चित्रं रंगवणार. खेळांच्या आधी प्रत्येकाच्या मेंदूचा एक फोटो, दहा आठवड्यांनी दुसरा. मग दोन्ही ताडून बघायचं, खेळांनी आत काही फरक पडतो का.

"म्हणजे मेंदू मोठा होतो?" काकांनी विचारलं.

"मोठा वगैरे नाही हो." डॉक्टरबाई बिस्किट चावत होत्या. "मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाला निरोप जातात ना, त्यांच्या वाटा असतात. वाटेवरून सारखं जाणंयेणं असलं की ती रुळते. तसं काही होतं का बघायचंय. कदाचित काहीच होत नसेल."

काकांना हे शेवटचं वाक्य भलतंच आवडलं. एकतीस वर्षांत हजार डॉक्टर पाहिले, पण "कदाचित काहीच नसेल" असं सरळ सांगणारा विरळाच.

आधीचे फोटो सकाळच्या पाळीतल्या अबोल टेक्निशियन बाईंनी काढले होते, तेव्हा काही अडचण आली नव्हती. पण त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि दुसऱ्या खेपेचे फोटो काकांच्या वाट्याला आले. मोठ्या साहेबांनी मशीन दिलं ते मोजून पाच शनिवार, दुपारी एक ते पाच. फोटो होईस्तोवर शाळेत खेळांचं आणि रंगांचं, दोन्ही टेबलं चालूच. तेवढ्यात दोन्ही गटांतले मिळून निदान वीस फोटो, प्रत्येक गटाचे दहा, स्वच्छ आले पाहिजेत. नाही आले तर मशीन परत पेशंटांना, आणि डॉक्टरबाईंची दोन वर्षांची मेहनत पाण्यात. त्यांनी हे काकांना न लपवता सांगितलं. वर एक अट घातली. कुठलं मूल कुठल्या गटात आहे हे काकांना कळता कामा नये. नातीचं सुद्धा नाही. फोटो काढणाऱ्याच्या मनात काही नको.

"तुम्ही निर्धास्त राहा," काका म्हणाले. "माझ्या हाताखाली कुणी हलत नाही."

पहिल्या शनिवारी पाच मुलं आली. डॉक्टरबाई आत मुलाच्या पायाशी बसल्या, काका काचेमागे बसले. ठकठक सुरू झाली, अंगठा बटणावर गेला. "हलू नका."

आतलं पोरगं असं काही उसळलं की पडद्यावर मेंदूच्या जागी नुसतं धुकं. दुसरं मूल आलं, तेच. तिसरी मुलगी आली. ती तर काकांनी बटण दाबल्याबरोबर, वाक्य तोंडातून निघायच्या आधीच, फिस्सकन हसली आणि गुडघ्यापासून मानेपर्यंत अशी हलली की मशीनच्या पोटातून खिदळण्याचे प्रतिध्वनी यायला लागले. तिचं नावच पुढे गुदगुली पडलं. पाच मुलं, पाच धुकी. काकांचा चेहरा एवढाएवढासा झाला. त्यांनी मशीन तपासलं, माइक तपासला, शेवटी स्वतःचा चष्मा पुसला.

कोडं सोमवारी उलगडलं. डॉक्टरबाई मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर डबा खात उभ्या होत्या, आणि समोर पहिलीतली पोरं एक खेळ खेळत होती. एकानं काका व्हायचं. बाकीच्यांनी जमिनीवर आडवं पडायचं. काकानं ठक ठक ठक करायचं आणि नाकातून, भारदस्त आवाजात म्हणायचं, "हलू नका." ते ऐकलं रे ऐकलं की पडलेल्यांनी जीव खाऊन वळवळायचं. जो सगळ्यात जास्त वळवळेल तो पुढचा काका. वर्षभर रोज, मधल्या सुट्टीत, न चुकता हे चाललेलं होतं.

डॉक्टरबाई तडक रस्ता ओलांडून आल्या. "काका, मी दहा आठवडे शिकवलं. ह्या पोरांना त्याच्या आधीच कुणीतरी वर्षभर तालीम दिलेली आहे, आणि ती माझ्यापेक्षा पक्की आहे."

"पण हा खेळ काढला कुणी?"

डॉक्टरबाईंनी बाकाकडे बघितलं. बाकावर भिंगरी डोकं खाली आणि पाय भिंतीवर करून बसली होती.

बरं, मग काकांनी गप्प बसावं की नाही? अहो, सांगायला सोपं आहे. दुसऱ्या शनिवारी ते गप्प बसलेही. अर्धा मिनिट. आतून बारीक आवाज आला, "कुणी आहे का तिकडे?" आणि काकांचा अंगठा आपोआप बटणावर गेला, तोंड आपोआप उघडलं आणि जे निघायचं ते निघालं. पुढच्या मुलाच्या वेळी त्यांनी तोंडात मोठी गोळी धरली. मग ते वाक्य गोळीच्या बाजूनं, फुगलेल्या गालातून आलं, आणि ते ऐकून आतलं मूलच काय, पायाशी बसलेल्या डॉक्टरबाई सुद्धा हसत सुटल्या. माइक दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची सोय नव्हती. मशीन ज्याच्या ताब्यात, माइक त्याच्याच ताब्यात, असा तिथला नियम. दुसऱ्या शनिवारअखेर हाती लागले फक्त दोन फोटो. त्यातलं एक मूल झोपलं होतं.

काकांना फार लागलं ते. ज्या वाक्याच्या जोरावर मान ताठ ठेवून एकतीस वर्षं काढली, तेच वाक्य एका चांगल्या मुलीचं काम बुडवायला निघालं होतं. आणि ते स्वतःच्याच तोंडाला आवरू शकत नव्हते, याची लाज वेगळीच.

संध्याकाळी त्यांनी डॉक्टरबाईंना गाठलं. "ते टाळी वाजली की थांबायचे खेळ माझ्या वयाला चालतील का?"

"माहीत नाही. माझा अभ्यास सहा वर्षांच्या मुलांचा आहे, काका. तुम्ही अठ्ठावन्न." मग त्यांनी पिशवीतून खेळांचे चार कागद काढले. "घ्या, करून बघा. फक्त रंगवणाऱ्या गटातल्या कुणाबरोबर हे खेळू नका, नाहीतर माझे दोन गट एकमेकांत मिसळतील."

काकांनी ते कागद घरी फ्रिजवर चिकटवले आणि बायकोला म्हणाले, "मिक्सर लाव."

"काय वाटायचंय?"

"काही नाही. मला मशीनसारखा आवाज पाहिजे."

बायकोनं कपाळावर हात मारला आणि मिक्सर लावला. काका पेनाचा माइक करून टेबलाशी बसलेले. घर्रर्र सुरू झालं. "हलू नका," काका म्हणाले.

मिक्सर बंद झाला. "मी नुसती उभी आहे," बायको म्हणाली.

परत लावला. परत तेच. रिकामा मिक्सर फिरवला तर जळेल म्हणून बायको हाताला लागेल ते त्यात टाकत गेली. पहिल्या दिवशी साखरेची पिठी झाली, दुसऱ्या दिवशी पावाचा चुरा झाला, तिसऱ्या दिवशी मिरीची पूड झाली आणि तिघंही शिंकून शिंकून बेजार झाले. चौथ्या दिवशी घरात वाटण्याजोगं काही उरलं नाही. काकांचं वाक्य मात्र होतं तिथेच होतं.

तिघं म्हणजे काका, काकू आणि टेबलाखाली भिंगरी. चौथ्या दिवशी ती बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, तू नुसता मिक्सर लावतेस. असं कुणी शिकत नाही. हो बाजूला."

ती फ्रिजसमोर गेली, एकेक अक्षर लावत कागद वाचला आणि आजोबांच्या समोर खुर्चीवर उभी राहिली. "मी चार आकडे सांगणार. तुम्ही उलटे म्हणायचे. सात, दोन, नऊ, चार."

"चार, नऊ... सात?"

"दोन गेला कुठे?" भिंगरी म्हणाली. मग तिनं स्वतःच पाच आकडे घेऊन ते धडाधड उलटे म्हणून दाखवले. काका बघतच राहिले. मनात त्यांना डॉक्टरबाईंची सूचना आठवली, नाही असं नाही. पण पोरगी इतक्या सफाईनं करतेय म्हणजे ती खेळणाऱ्या गटातली असणार, यात काय शंका? विचारलंही त्यांनी हळूच, "तुम्ही शाळेत ताईंकडे काय करता गं?" भिंगरी म्हणाली, "खेळतो." झालं तर मग. काकांचा जीव भांड्यात पडला. विचारायचं नव्हतं ते विचारलं ही चूक, आणि मिळालेल्या उत्तरावर विसंबले ही त्याहून मोठी चूक, पण ते तेव्हा कुणाला कळणार.

भिंगरी मास्तरीण म्हणून महाकडक निघाली. तिनं "उठा" म्हटलं की आजोबांनी बसायचं, "बसा" म्हटलं की उठायचं. चुकले तर पहिल्यापासून. एका संध्याकाळी मुलगा कामावरून घरी आला तर बाबा एका पायावर उभे, डोळे मिटलेले, आणि मिक्सरच्या आवाजात "तीन, आठ, एक" असं पुटपुटताहेत. मुलानं सुनेला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, "बाबांना बरं आहे ना?" सून म्हणाली, "बाबांना बरं आहे. मिक्सरची काही खात्री देत नाही."

एकदा काका चिडलेसुद्धा. "नाही जमत मला. आवाज आला की तेच आठवतं."

"तुम्ही काय म्हणायचं नाही ते आठवत बसता," भिंगरी म्हणाली. "काय म्हणायचं ते आठवा ना."

"काय म्हणायचं?"

ती जरा विचारात पडली. "छान चाललंय, असं म्हणा. मला चित्र काढताना कुणी असं म्हटलं की मी खूप वेळ बसते."

काकांना कुणी एकतीस वर्षांत इतकं सोपं काही सांगितलं नव्हतं. त्या शुक्रवारी दोनदा तालीम झाली. मिक्सर घर्रर्र करतोय, अंगठा पेनावर, आणि काकांच्या घशातून पहिल्यांदाच, थोडं अडखळत, निघालं, "छान चाललंय." बायकोनं मिक्सर बंद करायचं भान राहिलं नाही इतक्या टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या शनिवारी सहा फोटो स्वच्छ आले. चौथ्या शनिवारी सात. मधेच एखाद्या वेळी काकांचा तोल जायचा. जुनं वाक्य निसटायचं, आत पोरगं उसळायचं, धुकं. गुदगुलीचे तर दोन्ही शनिवार असेच वाया गेले. पण आकडा पंधरावर आला होता आणि हॉस्पिटलभर काकांची वट वाढली होती. कँटीनवाला त्यांना चहा देताना "छान चाललंय" म्हणायचा. डॉक्टरबाई आता चालताना उड्या मारायच्या.

पाचव्या शनिवारी पाच फोटो हवे होते. साडेचार वाजेपर्यंत चार झाले. पाचवी भिंगरी.

ती आत सरकली. जन्मल्यापासून ही पोर सलग सात मिनिटं स्थिर असल्याचं घरात कुणी पाहिलेलं नव्हतं, झोपेत सुद्धा ती पलंगाची प्रदक्षिणा घालायची. ठकठक सुरू झाली. काकांनी बटण दाबलं. "छान चाललंय." एक मिनिट गेलं, तीन गेली, पाच गेली. काचेतून तिच्या पायाची बोटं दिसत होती. एक बोट हललं नाही. सात मिनिटांनी पडद्यावर मेंदूचा असा लखलखीत फोटो उमटला की काका खुर्चीतून उठून दोन गिरक्या घेऊन आले, अठ्ठावन्नाव्या वर्षी, अंगावर पांढरा कोट असताना. डॉक्टरबाई बाहेर धावत आल्या. वीस. वीस झाले. त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले आणि त्या रडताहेत की हसताहेत ते काही कळेना.

भिंगरी बाकावर बसून बूट घालत होती. "ताई," ती म्हणाली, "आता तरी मला त्या खेळांच्या टेबलाशी बसवाल ना? मला चित्रं रंगवून आणि ते खेळ लांबून बघून कंटाळा आलाय. आमच्या टेबलावरचा हिरवा रंग तर केव्हाच संपला."

काका होते तिथेच थांबले.

म्हणजे ही रंगवणाऱ्या गटातली. आणि अडीच आठवडे रोज संध्याकाळी, रविवारी दोनदा, ही पोर त्यांच्याबरोबर नेमके तेच खेळ खेळत होती. डॉक्टरबाई बूट घालायला मदत करत हसत होत्या, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. घरच्यांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांनी तोंड मिटून ठेवलं असतं तर वीस फोटो झाले होते, काम फत्ते होतं, सगळे खूश होते. तीन आठवडे तोंड मिटायचीच तर तालीम केली होती त्यांनी. पण ह्या बाईनं पहिल्याच दिवशी "कदाचित काहीच होत नसेल" असं सरळ सांगितलेलं, आणि तिच्या कागदावर आपण खोटं चढू द्यायचं, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

"डॉक्टरबाई," ते म्हणाले, "हा फोटो धरू नका."

त्यांनी सगळं सांगितलं. मिक्सर, फ्रिज, उलटे आकडे, सगळं.

डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या. "किती दिवस?"

"अडीच आठवडे."

"रोज?"

"रविवारी दोनदा."

त्यांनी केसांतली पेन्सिल काढली, यादीतल्या एका ओळीवर रेघ मारली आणि एकोणीस असं लिहिलं. भिंगरीला वाचता येत होतं. "माझा फोटो नको?" ती म्हणाली. "मी हललेपण नाही." आणि तिचा खालचा ओठ असा काही पुढे आला की काकांना वाटलं, आपण जमिनीत गेलो तर बरं. नातीला जवळ घ्यावं की डॉक्टरबाईंची माफी मागावी, त्यांना सुचेना. ते दोघींच्या मधे हात लोंबकळत ठेवून उभे राहिले.

घड्याळात पावणेपाच झाले होते. आणि दाराशी, भिंतीला पाठ लावून, बिस्किट खात उभी होती गुदगुली. तिची आई वरच्या मजल्यावर नर्स. आईची पाळी पाचला संपायची, म्हणून ती दर शनिवारी इथेच असायची.

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग यादीकडे. "ही रंगवणारीच आहे," त्या हळूच म्हणाल्या. काकांनी तिच्याकडे पाहिलं. पोरांतली सगळ्यात हसरी. तीन शनिवार हिचं धुकं झालेलं. वर फोन झाला, आई म्हणाली, "घ्या की, पण ती हसणार."

गुदगुलीनं तोंड पुसलं आणि स्वतःच टेबलावर चढली. "काका, तुम्ही म्हणणार ना?"

"नाही."

"मग मी हसू कशाला?"

दहा मिनिटं उरली होती. दार लागलं. काका काचेमागे येऊन बसले आणि त्यांच्या शेजारी, न विचारता, डोळे पुसत, भिंगरी येऊन उभी राहिली. मागे दारात मोठे साहेब घड्याळ बघत उभे. ठकठक सुरू झाली. काकांचा अंगठा बटणावर गेला. जिभेच्या टोकावर एकतीस वर्षांचं ते वाक्य येऊन बसलेलं. तोंड उघडलं. "ह," एवढं बाहेर पडलं.

काचेपलीकडे गुदगुलीची बोटं आक्रसली. डॉक्टरबाईंनी डोळे मिटले.

भिंगरीनं आजोबांकडे मान वर करून पाहिलं. नुसती भुवई उचलली, मास्तरीण उचलते तशी.

"हं," काका म्हणाले. "हं. छान चाललंय."

बोटं सैल झाली. मग काका दर मिनिटाला, अगदी हळू, तेच म्हणत राहिले, आणि प्रत्येक वेळी म्हणण्याआधी एकदा नातीकडे बघत राहिले. सात मिनिटं सरली. पाचाला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावर गुदगुलीचा मेंदू उमटला, स्वच्छ, कडेपासून कडेपर्यंत. मोठे साहेब चष्मा वर करून पडद्याजवळ वाकले आणि म्हणाले, "ठीक आहे," आणि मोठ्या साहेबांच्या तोंडून ठीक आहे म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला कळतं.

अभ्यासाचा निकाल वर्षभरानं लागला. खेळणारी मुलं खेळांत चांगलीच तरबेज झाली होती. फोटोंतला फरक मात्र बारीकसा होता. तो टिकतो का, शाळेच्या अभ्यासात उपयोगी पडतो का, हे अजून सांगता येत नाही, असं डॉक्टरबाईंनी जसंच्या तसं लिहिलं. त्यावरून त्यांना कुणी डोक्यावर घेतलं नाही आणि त्यांनाही त्याचं काही वाटलं नाही. पण ते सगळं पुढचं.

त्या शनिवारी पाच वाजता खोलीत नुसता गोंधळ होता. गुदगुली एवढा वेळ अडवलेलं हसू एकदम मोकळं करून जमिनीवर लोळत होती, काका खुर्चीत घामाघूम, आणि डॉक्टरबाई घाईघाईनं शेवटचा अर्ज भरत होत्या, कारण तो भरल्याशिवाय फोटो मान्य होत नाही. मुलाचा नंबर लिहिला, वेळ लिहिली, मशीन चालवणाऱ्याचं नाव लिहिलं. पुढच्या ओळीशी त्यांची पेन्सिल थांबली. मुलांचे फोटो काढायचं प्रशिक्षण मशीन चालवणाऱ्याला कुणी दिलं, असा रकाना होता.

डॉक्टरबाईंनी अर्ज घेतला आणि त्या कोपऱ्यात गेल्या. भिंगरी तिथे तोंड फिरवून उभी होती. डॉक्टरबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "मुलांच्या यादीतून मला तुझं नाव काढावं लागलं," त्या म्हणाल्या. "ते तिथे बसत नाही. ते ह्या यादीत येतं. पूर्ण नाव सांगा बाई तुमचं."

भिंगरीनं ओठ आत घेतला. काकांकडे पाहिलं. काकांनी मान डोलवली, त्यांचे डोळे भरून आले होते. मग तिनं आपलं पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं करून, चुकू नये म्हणून दोनदा सांगितलं.

"वय?"

"सहा पूर्ण," ती म्हणाली. मग अर्जात डोकावून तिनं जोडलं, "आणि ह्यांचं अजून थोडं शिकायचं बाकी आहे, तेही लिहा."